पहिल्या घंटेनंतर

अहो, गेल्या आठवड्यात मुग्धानं तुमचा कप फडताळात मागे सरकवला. पुढे तिच्या इराचा जिराफाचा मग ठेवला. लेकीची पाठ वळल्यावर मी तो पुन्हा पुढे आणला. संध्याकाळी तिनं ते पाहिलं, मी तिला पाहताना पाहिलं, आणि दोघी भाजी निवडत बसलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, 'शैलाबाई, हा सभागृहाचा अवमान आहे.'

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या म्हणून फोन आला होता. जन्म कधीचा, सनद कधी घेतली, कुठली पदं भूषवली, असं सगळं विचारत होते. ते मुग्धानं कळवलंय. मी काय सांगणार? पद म्हणाल तर तुम्ही जन्मभर एकच भूषवलंत, माझ्या बोलण्यावर घंटा वाजवणाऱ्याचं.

ती आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा आठवते ना? मला त्या मुलीची आता लाज वाटत नाही, हसू येतं. दोन वेण्या, मावशीची मागून आणलेली खादीची साडी, आणि हात असा वर केलेला की जणू छतावरचा दिवा बदलायचाय. विषय होता लोकशाहीतलं विरोधी पक्षाचं स्थान. आपण एक दिवस दिल्लीला जाऊन संसद गाजवणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खाली टेबलाशी लॉ कॉलेजचा एक किडकिडीत मुलगा पितळी घंटा घेऊन बसला होता. पहिली घंटा म्हणजे एक मिनिट उरलं, दुसरी म्हणजे थांबा. तुम्ही पहिली दिलीत, मला वाटलं दाद आहे. दुसरी दिलीत, मी आवाज चढवला. शेवटी तुम्ही घंटा हातात घेऊन उभेच राहिलात, देवळात आरतीला राहतात तसे, आणि सभागृह हसलं. मी बाद झाले. नंतर जिन्यात मी तुम्हाला गाठून भांडले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "दुसरी घंटा ऐकू न येणं हा वक्त्याचा गुण आहे. पहिली ऐकू न येणं हा कानाचा दोष." त्या मूर्ख मुलीनं हे वाक्य घरी जाऊन आईला म्हणून दाखवलं. आईला तेव्हाच कळलं म्हणे.

संसारात घंटेच्या जागी चमचा आला. माझं कुणाबद्दल तरी फार वेळ चाललं की तुमचा चमचा कपाच्या कडेवर वाजायचा. एकदा टिंग, म्हणजे आवरतं घ्या. दोनदा टिंग, म्हणजे पुरे. मला संताप यायचा, आणि संताप आला की मी तुमच्याशी थेट बोलायची नाही. सासूबाईंना म्हणायची, "आई, यांना सांगा, भात निवतोय." तुम्ही म्हणायचात, "आई, हिला सांगा, निवू दे." त्या बिचाऱ्या जपमाळ ओढत दोन्हीकडचे निरोप पोचवायच्या, आणि मधेच स्वतःचं एखादं वाक्य घुसडून द्यायच्या.

मात्र माझी आई गेली तेव्हा मी अख्खी संध्याकाळ तिच्या लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलत बसले होते. किती मीठ, बरणीला दादरा कुठल्या कापडाचा, सगळं पुन्हापुन्हा. तुमच्यासमोर चहा होता, बशीत चमचा होता. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. बरं वाटलं होतं हो.

मुग्धानं आपल्याला इथे रॉटरडॅमजवळ कापेलला आणलं तेव्हा तुमच्याकडे करायला काही उरलं नव्हतं. कोर्ट नाही, अशील नाही, चौथ्या मजल्यावरून दिसणारा नदीचा बांध आणि त्यावरून जाणाऱ्या सायकली. मग मुग्धानंच टॅबवर तुम्हाला तुमचे बॅरिस्टर शोधून दिले. तुम्ही वकिली सुरू करताना अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत भागीदारीच्या कायद्यावरचा एक जाडजूड ग्रंथ घेतला होतात, त्याचे कर्ते. राणी व्हिक्टोरियाच्या काळचे, वकीलही आणि पार्लमेंटचे सभासदही. पार्लमेंटच्या जुन्या वृत्तांताच्या साइटवर त्यांच्या नावाचं एक अख्खं पान निघालं. वर नाव, खाली मतदारसंघ, मग एकेक साल, आणि प्रत्येक सालाखाली ते सभागृहात कधी कशावर बोलले त्याच्या निळ्या ओळी. ओळीला बोट लावलं की भाषण उघडतं. तुमचा चेहरा असा झाला की जणू हरवलेला भाऊ जत्रेत सापडला.

तेव्हापासून नाश्त्यानंतर रोजचं एक भाषण. तुम्ही अक्षरं मोठी करून वाचायचात आणि तिथल्या तिथे मराठी करून मला ऐकवायचात, तुमच्या कोर्टातल्या आवाजात. रेल्वेचे रूळ, दिवाळखोरी, गटारं, कुत्र्यांवरचा कर. एकदा हिंदुस्थानावरची चर्चा निघाली, तर सभागृह जवळजवळ रिकामं. तुम्ही त्या दिवशी दुपारपर्यंत बॅरिस्टरांशी अबोला धरलात. मला गंमत वाटायची ती दुसरीच. तो जुना वृत्तांत लिहिणारा माणूस त्यांचे शब्द त्यांच्या तोंडी ठेवतच नव्हता. 'ते म्हणाले, की त्यांना असं वाटतं.' मी म्हटलं, हे तर सासूबाईंचंच काम. तुम्ही खूश झालात आणि सांगितलंत की तिथे तर सभासदांनी एकमेकांशी थेट बोलायचंच नसतं, कितीही भांडण असो, जे काय सांगायचं ते अध्यक्षांना उद्देशून. "म्हणजे आपल्या घराला शेकडो वर्षांची परंपरा आहे, शैलाबाई."

विवाहित बायकांच्या मालमत्तेवर तर आपण आठवडाभर भांडलो. तुमचे बॅरिस्टर आधी म्हणाले, एका घरात दोन मालक झाले तर कलह वाढेल. आणि काही वर्षांनी त्याच तोंडानं त्याच सभागृहात कायद्याच्या बाजूनं उभे राहिले, मधल्या काळात काय झालं त्याचं अक्षर नाही. तुम्ही म्हणालात, विचारांची वाढ. मी म्हटलं, बायको. तुम्ही म्हणालात, पुरावा? मी म्हटलं, तुमच्या निळ्या ओळींत स्वयंपाकघर येत नाही म्हणून ते नव्हतंच का?

सासूबाई आता नाहीत, तेव्हा सभापती झाली इरा. शाळेतून आली की ओट्यासमोरच्या उंच स्टुलावर चढायची, गळ्यात फुटबॉलचा केशरी मफलर, आणि आपला आवाज वाढला की डचमध्ये ओरडायची, "स्टिल्ते!" मग शांतता. तुम्ही तिला सगळे नियम शिकवलेत. सभापतीनं कुणाची बाजू घ्यायची नाही. स्वतःचं मत सांगायचं नाही. आणि मतं समसमान पडली तरच आपलं एक मत द्यायचं, तेही असं द्यायचं की प्रश्न मिटणार नाही, चर्चेला खुला राहील. मी तिथेच हसले. म्हटलं, सभापती महोदया, आजोबांना सांगा, ही निर्णय टाळायची सोय आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता इराला सांगितलंत, "आजीला सांगा, जे परत फिरवता येत नाही ते एकट्याच्या मतानं होऊ नये, इतकाच त्याचा अर्थ." तिनं मला ते इंग्रजीत सांगितलं.

मग एक दिवस बॅरिस्टर संपले. म्हणजे मेले नाहीत, पानाच्या वर लिहिलेल्या सालांप्रमाणे अजून बरीच वर्षं सभासद होते, पण निळ्या ओळी थांबल्या. शेवटची ओळ कुठल्याशा कोर्टात निकालाला लागणाऱ्या उशिराबद्दल, आणि त्याखाली कोरं. एवढा बोलणारा माणूस गप्प का झाला? तुम्ही अस्वस्थ झालात. आजार, पक्षाशी बिनसलं, मन उडालं, रोज नवा तर्क. मी माझा जुनाच लावून धरला, बायको गेली असणार. घरी ऐकणारं कुणी नसलं की बाहेर बोलायला सुचत नाही.

त्याच सुमारास रॉटरडॅमला आपल्या ओळखीच्या एका आजोबांना शेवटचा निरोप द्यायला गेलो होतो. घरी आल्यावर मीच वातावरण हलकं करायला गेले, दुसरं काय येतं मला. इराला म्हटलं, सभापती महोदया, माननीय सभासदांना विचारा, ते गेल्यावर त्यांना कुठे जायचंय, वाईला कृष्णेत की इथेच. तुम्ही मफलरवाल्या सभापतीपुढे जरा वाकलात आणि म्हणालात, "या प्रश्नाची आगाऊ सूचना हवी होती. उत्तर पुढील बैठकीत." सगळे हसले. मीही हसले. साध्या माणसांच्या घरी असं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं किंवा ओरडा. आपल्या घरी कामकाज पुढे गेलं.

पुढील बैठक ती. पाऊस नव्हता, नुसती राखाडी दुपार, बांधावर बदकं. मुग्धा ऑफिसला, इरा शाळेत. तुम्ही खिडकीशी तुमच्या खुर्चीत, कपावर स्ट्रूपवाफल, ते पाकाचं बिस्कीट, ठेवलेलं, साखर वर्ज्य असताना, आणि मी बघितलं नाही असं समजून. मी तुमच्या मागे इस्त्री करत होते आणि बॅरिस्टरांच्या बायकोबद्दल बोलत होते. ती कशी असेल, जेवणाच्या टेबलावर त्याला काय काय सुनावत असेल. तुम्ही वाफल बाजूला केलंत. चमचा वाजला. टिंग.

मी म्हटलं, ऐकली पहिली. आणि बोलत राहिले. दुसरी आली नाही. मला वाटलं, हरले. आज माननीय सभासद पुरते हरले, म्हणून ऐकून घेतायत. मला असा हुरूप चढला म्हणून सांगू. तीच खादीची साडी, तोच वर केलेला हात, फक्त हातात इस्त्री. मी बायकोवरून लोणच्यावर गेले, लोणच्यावरून तुमच्या बहिणीवर, आणि शेवटी त्या प्रश्नावर आले. म्हटलं, सूचना देऊन झाली, आता उत्तर द्या, कृष्णा की इथे. उशीची खोळ घडी करून ठेवली आणि वळले.

आपला हाऊसआर्ट्स आला, तो लांब पायांचा तरुण डॉक्टर. त्यानं हळू आवाजात विचारलं, साधारण केव्हा झालं असेल. मला इंग्रजी येतं, पण मी मराठीतच म्हणाले, पहिल्या घंटेनंतर. मुग्धानं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक.

तेव्हापासून ती वाजते. भांडी घासताना, नळाखाली पेला धरताना, खालून एखादी सायकल घंटी देत गेली की. एकदाच. मी जिथे असेन तिथे थांबते आणि दुसरीची वाट बघते. आली तर काय करणार होते, देव जाणे, पण वाट बघते. मी कशाचीच भुतं न मानणारी बाई. कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषण ठोकून करंडक आणलेला, आणि त्याच रात्री वसतिगृहाच्या बोळातून एकटीनं जायला घाबरले होते, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता तर बोलायलाच भीती वाटते. वाटतं, मी बोलत असते तेव्हा कुणीतरी जात असतं. म्हणून घरात गप्प झाले. मुग्धा डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. इरा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडते आणि मधूनच माझ्या तोंडाकडे बघते.

मग तुमची रक्षा घरी आली. इथे कायद्यानं महिनाभर ती दहनगृहातच ठेवतात, तेवढी तरी मुदत होती. ती संपली, आणि खिडकीशी कलश आला, आणि प्रश्न. मुग्धा म्हणते वाई. इरा म्हणते इथेच. पुण्याहून तुमच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल, "वहिनी, असं घरात ठेवून बसू नये, दादाचा जीव अडकतो." मी म्हटलं, "वन्सं, अडकला तर अडकू दे, त्यांना कुठे गाडी पकडायची होती?" त्या रडल्या. मीही फोन ठेवल्यावर रडले. पण खरं सांगते, मला दोन्हीपैकी काही नको होतं. मला तुमचं उत्तर हवं होतं. जन्मभर माझ्या प्रत्येक वाक्यावर आक्षेप घेणाऱ्या माणसानं या एका बाबतीत मला मोकळं रान द्यावं, हे मला सहन होत नव्हतं.

परवा सकाळी मी तुमच्या खुर्चीत बसले आणि टॅब उघडला. बॅरिस्टरांचं पान तसंच होतं, शेवटची ओळ आणि खाली कोरं. तुम्ही वकिलासारखे वाचायचात, आपल्या माणसाचं तेवढं, बाकीचं बाजूला. मला तसं जमत नाही. मला वाड्यात काय, पार्लमेंटात काय, बाकीचे काय म्हणाले ते आधी हवं असतं. मी भलतीकडेच बोट लावलं आणि त्या दिवसाची सगळी चर्चा उघडली. खाली पुढची बैठक, तिच्याखाली तिच्या पुढची. वाचत गेले. भांडत होते मेले, मासळीबाजारावरून. आणि मग बरंच पुढे एक चिडका सभासद म्हणतो, की आता खुर्चीत बसलेले विद्वान गृहस्थ पूर्वी स्वतः अमुक परगण्यातर्फे रेल्वेवर किती सुंदर बोलत, त्यांना तरी माझं म्हणणं पटावं. परगणा तुमच्या बॅरिस्टरांचा. त्याखाली एकच ओळ. 'अध्यक्ष म्हणाले, की सभासदांनी विषयाला धरून बोलावं.'

अहो, ते गप्प झाले नव्हते. खुर्चीत बसले होते. समितीचे अध्यक्ष झाले होते, आणि वृत्तांतात तिथून पुढे त्यांचं नावच जाऊन नुसतं 'अध्यक्ष' उरलं, म्हणून नावाच्या पानावर ओळी थांबल्या. पुढे जागोजागी आहेत. अध्यक्ष म्हणाले, शांतता. अध्यक्ष म्हणाले, वेळ झाली. बायको जिवंत होती की नाही ते मला अजून माहीत नाही, तो मुद्दा मी सोडलेला नाही. पण बाकी सगळ्यांचं ऐकत तो माणूस वर्षानुवर्षं तिथेच होता. आणि तुम्हाला हे सुचू नये? पितळी घंटा घेऊन टेबलाशी बसलेल्या माणसाला? त्या स्पर्धेच्या अहवालात बाद झालेल्या माझंसुद्धा नाव आहे, तुमचं कुठे आहे?

हे सांगायला मी खुर्चीकडे वळले. खुर्चीत मीच होते.

रविवारी जेवणं झाल्यावर इराला म्हटलं, चढ स्टुलावर, सभा घेऊ. तिनं मफलर काढून माझ्या हातात दिला. "आजी, मी स्पीकर नाही होणार. स्पीकरला ओपिनियन नसतं. आय हॅव वन." स्टूल मला उंच, तेव्हा मी तुमच्याच खुर्चीत बसले, केशरी मफलर घालून. दिसले असेन कशी, कल्पना करा.

मुग्धा आधी हसत होती. मग "सभापती महोदया" म्हणून उभी राहिली आणि तिचा आवाज फुटला. म्हणाली, बाबा गणपतीच्या घाटावर पोहायला शिकले, त्यांनी मला तिथेच शिकवलं, त्यांना त्या पाण्याची ओळख आहे, इथल्या पाण्याला त्यांचं नावसुद्धा उच्चारता येणार नाही. इरा अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलली, मधे दोन वाक्यं डच. म्हणाली, आजोबा रोज बांधावर तिच्यासाठी थांबायचे, शाळेतून सायकलवर येताना लांबून दिसायचे, वाईला ती त्यांना बघायला कशी जाणार. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, सगळं मला उद्देशून. जावयानं हात वर करून सांगितलं की तो तटस्थ. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

एकास एक. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतका वेळ मी काही बोलले नव्हते, आणि मला घाबरल्यासारखं झालं नव्हतं. खुर्चीतून ऐकताना वेगळंच ऐकू येतं हो. मुग्धा वाईबद्दल बोलत नव्हती, तुमच्याबद्दल बोलत होती. इराही. इतक्या दिवसांत घरात कुणी तुमच्याबद्दल एवढं बोललं नव्हतं. पाण्यात सोडून आलो असतो तर हात धुऊन परत आलो असतो, आणि कप मागे सरकला असता.

मी म्हटलं, मतं समसमान पडली आहेत. परंपरेप्रमाणे अध्यक्षांचं मत प्रश्न खुला ठेवण्याच्या बाजूनं. कलश खिडकीशी राहील. चर्चा चालू राहील.

मुग्धा डोळे पुसत म्हणाली, "आणि आत्याला काय सांगू?"

"सांग, आईनं सभा तहकूब केलीय."

'निर्णय टाळायची सोय' म्हणणाऱ्या बाईनंच असं करावं, यावर तुम्हाला जे हसायचं ते हसून घ्या. तुमच्या बॅरिस्टरांनीही मत बदललं होतं, कारण न देता.

आत्ता चार वाजून गेलेत, बाहेर अंधारून आलंय. इरा बांधावरून येतेय, तिचा दिवा दिसतोय. मी दोन कप चहा केलाय. तुमचा भरून खिडकीशी तुमच्यासमोर ठेवलाय, वाफलसुद्धा, आता काय वर्ज्य. मी मगापासून एकटी बोलतेय आणि चमचा वाजलेला नाही, कारण तो माझ्याजवळ आहे. खुर्चीत मी आहे ना. प्रश्न तुम्हाला माहीत आहे, सूचना केव्हाच दिलेली आहे. कृष्णा की इथे, जेव्हा सुचेल तेव्हा.

एकदाच वाजवते. ही पहिली आहे. दुसरी मी देणार नाही.

बोला.